अवघड, पण कोणाला?

जपानी भाषेत ‘अवघड’ हा अर्थ क्रियापदाच्या शेपटालाच जोडता येतो. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे. त्याच्या ‘ताबे’ या अंगाला ‘निकुइ’ किंवा ‘झुराइ’ यांपैकी कोणताही प्रत्यय लावा, अर्थ निघतो ‘खायला अवघड’. शिकणाऱ्याला हे दोन्ही एकच वाटतात. माझ्या मते ते एक नाहीत. अडचण कोण सोसतो आहे, याची दखल त्यांतला एक घेतो आणि दुसऱ्याला तिची गरज नसते. काट्यांनी भरलेला मासा ‘ताबेनिकुइ’. दाढ ठणकत असताना घास चावणे मात्र ‘ताबेझुराइ’. ‘झुराइ’चे मूळ ‘त्सुराइ’ म्हणजे क्लेशदायक हे विशेषण, जोडताना त्याचे आद्य व्यंजन घोष झाले. ‘मला खाववत नाही’ या मराठी वाक्यात त्रास जसा खाणाऱ्याच्या वाट्याला जातो, तसाच इथेही.

खरी कसोटी लागते ती निर्जीव वस्तूंच्या क्रियांवर. ‘साबिनिकुइ’ पत्रा लवकर गंजत नाही, ‘मोएनिकुइ’ कापड चटकन पेट घेत नाही, ‘कोवारेनिकुइ’ पेला सहसा फुटत नाही. इथे अवघडपणा हा चक्क गुण आहे, जाहिरातीत मिरवावा असा. त्या जागी ‘झुराइ’ घातला तर जपानी कानाला खटकतो, कारण पेला फुटला नाही याचे क्लेश कोणाला होणार? यावर आक्षेप असा की आज ‘मिएझुराइ’ (नीट दिसत नाही), ‘किकोएझुराइ’ (नीट ऐकू येत नाही) असे सर्रास बोलले जाते, आणि दिसणे-ऐकू येणे हेही कोणी ठरवून करत नाही. ‘झुराइ’ फक्त हेतुपूर्वक केलेल्या क्रियांना लागतो, हा जुना दंडक सैल झाला हे मान्यच. पण तो नेमका कुठे सैल झाला ते पाहा: अंधूक दिसते तेव्हा डोळे ताणणारा कोणीतरी असतोच. हेतूची अट गेली, सोसणाऱ्याची अट टिकली.

‘कानेरु’ हा प्रत्यय तर अडचण थेट करणाऱ्याच्या पदरात टाकतो. गिऱ्हाइकाची मागणी नाकारताना दुकानदार ‘देकिमासेन’ (जमणार नाही) असे तोडून न बोलता ‘इताशिकानेमासु’ म्हणतो. नकार पक्काच, पण ‘माझ्याच्याने होण्यासारखे नाही’ अशा नम्र सुरातला. याच ‘कानेरु’चे नकारार्थी रूप ‘कानेनाइ’ लावले की अडसरच निघून जातो आणि अर्थ होतो: हा माणूस नको ते करायलाही मागेपुढे पाहणार नाही.