आधी पडायला शिकायचं

आजचा विषय खेळाचा आहे, पण तो फक्त खेळणाऱ्या मुलींसाठी नाही. त्यांच्या आयांसाठी, आज्यांसाठी, मावश्यांसाठीही आहे. आज आपण ज्युदोची जागतिक ज्युनिअर स्पर्धा समजून घेऊ.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात ही स्पर्धा झाली. तिथे मुलींच्या ६३ किलो गटात लिंथोई चनांबम हिने कांस्यपदक मिळवलं. ती मणिपूरमधल्या मयांग इंफाळची. या स्पर्धेतलं हे भारताचं पहिलंच पदक. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये, सारायेवोला झालेल्या कॅडेट गटाच्या जागतिक स्पर्धेत तिने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं होतं. तोवर ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत, कुठल्याही वयोगटात, भारताचं एकही पदक नव्हतं.

आता कॅडेट म्हणजे कोण आणि ज्युनिअर म्हणजे कोण? कॅडेट गट अठरा वर्षांखालचा, ज्युनिअर गट एकवीस वर्षांखालचा. दोन्हींत वयाची सुरुवात पंधरापासून. वय मोजताना जन्माचं वर्ष बघतात. आपल्याकडे पूर्वी शाळेत घालताना मास्तर सरसकट एक जून तारीख लिहायचे. अजूनही काही घरांत कागदावरचं वय वेगळं आणि खरं वय वेगळं असतं. परदेशी खेळायचं तर पासपोर्ट लागतो. म्हणून जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर एकच तारीख आहे ना, हे मुलगी लहान असतानाच बघून ठेवा.

आता खेळाकडे वळू. ज्युदो जिगोरो कानो या जपानी शिक्षकांनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केला. जाड सुती अंगरखा, विजार आणि कमरेला पट्टा असा वेश असतो. एक खेळाडू पांढऱ्या वेशात, दुसरी निळ्या. खेळायच्या गादीला तातामी म्हणतात. लढत चार मिनिटांची.

आपल्या घरांत कुस्ती सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुस्तीवरूनच सांगते. समोरचीला जोरात, ताब्यात ठेवून, पाठीवर आपटलं की पंच हात सरळ वर करतात. याला इप्पोन म्हणतात. आपल्याकडच्या चितपटीसारखंच, लढत तिथेच संपते. फेक थोडी अपुरी पडली तर पंच हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरतात. तो वाझा-आरी. दोन वाझा-आरी मिळाले की एक इप्पोन. खाली पाडून समोरचीला पाठीवर वीस सेकंद दाबून ठेवलं तरी इप्पोन मिळतो.

कुस्तीत आणि ज्युदोत एक मोठा फरक आहे. कुस्तीत पट काढतात, म्हणजे पायाला हात घालतात. ज्युदोत उभ्याने लढताना पायाला हात लावायचा नाही. पकड अंगरख्याची. धोबीपछाड मात्र ज्युदोतही चालते. खांद्यावरून फेकायचा डाव जवळजवळ तसाच आहे. नुसतं मागे मागे सरकत राहिलं, डाव टाळला, तर ताकीद मिळते. तीन ताकिदी झाल्या की हार. आणि समोरचीने गळा आवळला किंवा कोपराला पेच घातला, सहन होत नाही असं वाटलं, तर हाताने दोनदा थोपटायचं. पंच लगेच थांबवतात. थोपटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवतात.

एका वजनगटाच्या सगळ्या लढती एका दिवसात होतात. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना आणखी एक वाट मिळते आणि त्यातून कांस्यपदकापर्यंत जाता येतं. म्हणूनच ज्युदोत कांस्यपदकं दोन असतात. सकाळी हरलेली मुलगी संध्याकाळी पदक घेऊन उभी असते, ती अशी.

बायकांना ही गादी सहज मिळालेली नाही. जपानमध्ये केइको फुकुदा या कानोंच्या शिष्या होत्या. पाचव्या श्रेणीच्या वर बाईला न्यायचं नाही या रिवाजामुळे त्या जवळजवळ वीस वर्षं तिथेच अडकून राहिल्या. अमेरिकेत रस्टी कानोकोगी यांनी १९५९ मध्ये छातीला पट्टी बांधून, पुरुषांच्या संघातून लढत दिली आणि जिंकली. बाई आहे हे कळल्यावर त्यांचं पदक काढून घेतलं. पुढे त्यांनीच धडपड करून, घर गहाण टाकून, १९८० मध्ये न्यूयॉर्कला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ ला आला. बायकांच्या ज्युदोला पदकं मिळायला १९९२ उजाडलं.

आता आयांच्या मनातला प्रश्न. पोरीचा हातपाय मोडला तर? ज्युदोत इजा होते, हे खरं आहे. म्हणूनच चांगल्या वर्गात फेकायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. आणि पडताना सगळा हात तळव्यासकट गादीवर थापटायचा, म्हणजे धक्का पसरतो. पडताना हात ताठ करून जमिनीला टेकवला तर मनगट मोडायची भीती असते. मोरीत घसरून हात मोडून घेतलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही पडण्यापेक्षा जास्त जपायची. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर त्या गटात खेळता येत नाही. मग काही मुली जेवण सोडतात, पाणी सोडतात, जाड कपडे घालून घाम गाळतात. वाढत्या वयात हे फार वाईट. चक्कर येते, हाडं कमकुवत होतात, पाळी चुकते. तीन महिने पाळी आली नाही तर "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सारायेवोला ५७ किलोत खेळलेली लिंथोई तीन वर्षांनी लिमाला ६३ किलोत खेळली. मुलगी वाढते, तसा गटही बदलतो. त्यात कमीपणा काही नाही.

मुलीला वर्गात घालायचं ठरवलं तर आधी एकदा जाऊन बसा आणि चार गोष्टी बघा. गादी पुरेशी जाड आहे का, फटी नाहीत ना? पहिले काही आठवडे पडण्याचा सराव घेतात का? वजन कमी करायला कोण सांगतं आणि कसं सांगतं? आणि हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे, तर मुली शिकत असताना तिथे एखादी बाई हजर असते का, आईला दारात बसू देतात का? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरा वर्ग शोधा. मुलीलाही सांगून ठेवा, की डाव शिकवताना लागणारा हात वेगळा आणि नकोसा हात वेगळा, आणि तसं काही झालं तर घरी येऊन बोल, तुलाच रागावणार नाही.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी झाली, झापड आली, बोलणं अडखळलं तर थेट दवाखाना.

सगळ्याच मुली लिमापर्यंत जाणार नाहीत. पण पडायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं आणि नको असेल तेव्हा थांब म्हणून थोपटायचं कसं, हे शिकलेली मुलगी कुठेही गेली तरी ते तिच्यासोबत राहतं. तुमच्या घरात कुणी हट्ट धरून बसली असेल, तर या रविवारी तिला घेऊन जवळच्या आखाड्यात किंवा क्रीडासंकुलात एक चक्कर मारून या.