हात चार, बॅगा किती?

बंगळुरूहून पुण्याला विमानाने जायला साधारण दीड तास लागतो. पण घरात एक वर्षाचं बाळ आणि पाच वर्षांची मोठी असेल, तर त्या दीड तासाची तयारी तीन दिवस चालते. पलंगावर कपड्यांचे ढीग, मधोमध उघडी बॅग आणि आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे एकच वाक्य, "असू दे, लागलं तर?"

खरं तर बॅग भरते ती या ‘असू दे’नेच.

आधी नियम बघून घेऊ. देशातल्या देशात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक विमान कंपन्या माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान नेऊ देतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची सीट घ्यावी लागते, म्हणून त्यालाही हा वाटा मिळतो. त्याहून लहान बाळ मांडीवर बसतं आणि त्याच्या नावाने सहसा वेगळं वजन मिळत नाही. तुमच्या तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण स्वस्त तिकिटांत फरक असतो. बाळाचा जन्मदाखलाही सोबत हवाच, वयाचा पुरावा मागतात.

म्हणजे वरच्या चौकोनी कुटुंबाला चेक-इनचे ४५ किलो आणि केबिनचे २१ किलो. ऐकून वाटतं, मग अडचण काय? अडचण हातांची आहे. आईबाबांचे मिळून हात चार. एक हात बाळाला, एक मोठीच्या बोटाला. उरले दोन. त्या दोन हातांना आणि एका पाठीला झेपेल तेवढंच सामान, हा माझा हिशेब. एक किंवा फार तर दोन ट्रॉली बॅगा, त्या काउंटरवर देऊन मोकळं व्हायचं. मुलांची एक सॅक पाठीवर. तिकीट, ओळखपत्र, फोनसाठी गळ्यात एक छोटी पर्स. बस्स.

ती एक सॅक नीट भरा

खरी परीक्षा या सॅकची असते. डायपर मोजताना घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचे तास धरा. दर तीन तासांना एक आणि वर दोन जास्तीचे. फ्लाइटला उशीर झाला तर ते दोन कामाला येतात. अख्खं पाकीट न्यायचं कारण नाही, डायपर पुण्यातही मिळतात.

प्रत्येक मुलाचा एक पूर्ण जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. ओले किंवा घाण झालेले कपडे त्याच पिशवीत परत जातात. आणि आईसाठी एक साधा टी-शर्ट. बाळ ओकतं तेव्हा ते स्वतःच्या अंगावर क्वचितच ओकतं! हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतेय.

ब्लँकेट, उशी, दूध पाजताना घ्यायचं कव्हर, ऊन लागू नये म्हणून पडदा, या सगळ्यांच्या जागी आपलं जुनं सुती दुपटं पुरतं. दोन घ्या, एक अंगावर आणि एक खांद्यावर.

खाण्यात कोरडं आणि कमी चुरा होणारं निवडा. तूप-गूळ लावलेल्या पोळीची सुरळी, भाजलेले मखाणे, एखादं केळं. बाळासाठी घरचं नाचणीसत्त्व आधी शिजवून न्यायची गरज नाही. भाजलेल्या नाचणीचं पीठ डबीत न्या. विमानात मागितलं तर कर्मचारी गरम पाणी देतात, फक्त टेकऑफ-लँडिंगच्या वेळी थांबावं लागतं. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं नेता येतं, तपासणीला सॅकमधून काढून दाखवायची तयारी ठेवा. पॉवर बँकही याच सॅकमध्ये, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

दूध किंवा पाण्याची बाटली मात्र सगळ्यात वरच्या कप्प्यात हवी. विमान खाली उतरायला लागतं तेव्हा हवेचा दाब बदलून बाळांचे कान दुखतात. गिळत राहिलं की दडे सुटतात. म्हणून दूध उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा.

खेळणी? दोन. जास्त नेलीत तर अर्धी सीटखाली जातात आणि वाकून शोधायचं काम तुमचं.

मोठी बॅग आणि मोठा प्रश्न

माझ्या बहिणीने एक छान युक्ती काढली आहे. ती दरवेळी मुलांचे घरात घालायचे दोन-दोन जोड आजीकडेच ठेवून येते, तेही एक माप मोठे, म्हणजे पुढच्या खेपेला बसतात. नातलगांकडे कोणाचा पाळणा, कोणाचा आंघोळीचा टब पडून असतोच. एक फोन केला की निघायच्या आधी माळ्यावरून खाली येतो. सात दिवसांसाठी चार जोड पुरतात, आजीकडे बादली आणि दोरी दोन्ही असतात.

प्रश्न असतो तो कपड्यांच्या पलीकडचा. बॅग बहुतेक घरांत आईच भरते. औषध राहिलं तर "तू घेतलं नाहीस का?" हेही तिलाच विचारलं जातं. मग ती सगळंच घेते. बाबा लॅपटॉपची सॅक पाठीला लावून दारात तयार. मला वाटतं, मुलांची सॅक ज्याने वाहायची त्यानेच ती भरावी. बाबांनी एकदा भरून बघावी, चार खेळणी आपोआप कमी होतील.

आणि परतीचं?

जाताना कितीही हलके गेलात तरी येताना आजी आहे. लाडू, चिवडा, गोडा मसाला, तूप आणि नातवंडांसाठी आणखी दोन फ्रॉक. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि म्हणूही नये. त्यापेक्षा जातानाच ट्रॉलीचा एक कप्पा रिकामा ठेवा. वजन बघायला आजोबांचा वजनकाटा आहे: बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी. तूप आणि लोणचं हातातल्या सॅकमध्ये ठेवू नका, तपासणीत अडकेल. नीट बांधून चेक-इनमध्ये टाका. कोरडा फराळ तर पोस्टानेही येतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र राहू द्या. त्यात तेल असल्याने त्या पेट घेऊ शकतात, म्हणून बहुतेक विमान कंपन्या त्या चेक-इनच्या बॅगेतही नेऊ देत नाहीत. आजीला हे पटायला वेळ लागेल, तेव्हा निघायच्या दिवशी नाही, आदल्या रात्रीच सांगा.