सिगारच्या धुराला पोर्टची सोबत
रेड वाइनमधील टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे तुरट द्रव्य, लाळेतील प्रथिनांशी बांधले जाऊन तोंड कोरडे करते. सिगारच्या धुरानेही तोंड कोरडेच पडत असल्याने फ्रान्सच्या बोर्दोची कोवळी रेड वाइन त्याच्यासोबत कडवट लागते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील पोर्ट या गोड वाइनचे तसे नाही. १७५६ मध्ये अधिकृत सीमा आखल्या गेलेल्या या प्रदेशात रस आंबत असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षाचे स्पिरिट मिसळून किण्वन थांबवतात, त्यामुळे फळाची साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. त्यातही ‘टॉनी’ पोर्ट, जी ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरून पिंगट होते आणि जिला अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा गंध येतो, ती सिगारच्या मातकट, लाकडी चवीशी सर्वांत सुंदर जुळते.