ग्राफीनमधली ‘भेसळ’: अणू कोणता, आणि बसतो कुठे?

ग्राफीनमध्ये नायट्रोजन घातला की इलेक्ट्रॉन वाढतात, बोरॉन घातला की कमी होतात, एवढं बहुतेकांना पाठ असतं. नायट्रोजनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त, बोरॉनकडे एक कमी, म्हणून फर्मी पातळी वर किंवा खाली सरकते. पण हे सरळ गणित त्या अणूने जाळीतल्या कार्बनची जागा नीट घेतली असेल तरच लागू पडतं. तोच नायट्रोजन रिकाम्या जागेच्या कडेला बसला, तर त्याची जादा जोडी थराच्या प्रतलातच अडकते आणि परिणाम उलटाही होऊ शकतो. म्हणून ‘किती टक्के नायट्रोजन’ एवढं विचारून भागत नाही.

चुंबकत्वात तर जागेचं महत्त्व आणखी वाढतं. ग्राफीनच्या षटकोनी जाळीत दोन उपजाळ्या आहेत, अ आणि ब. अ मधल्या प्रत्येक कार्बनचे शेजारी ब मधले. आता हायड्रोजनचा एक अणू अ मधल्या कार्बनला चिकटला, की त्या कार्बनचा मोकळा इलेक्ट्रॉन बंधात गुंततो. हिशेब बिघडतो, ब कडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो आणि त्याचा स्पिन म्हणजेच चुंबकत्व. गंमत बघा, हायड्रोजन स्वतः चुंबक नाही, कार्बनही नाही! २०१६ साली माद्रिदच्या गटाने एसटीएमच्या टोकाने हायड्रोजनचे अणू हलवून हे दाखवलं: दोन्ही अणू एकाच उपजाळीवर असले तर चुंबकत्व टिकतं, वेगवेगळ्या उपजाळ्यांवर जवळजवळ असले तर नाहीसं होतं.

मात्र असे सुटे स्पिन असणं म्हणजे फेरोचुंबक मिळाला असं नव्हे. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या गटाने फ्लोरिन आणि रिकाम्या जागा असलेलं ग्राफीन द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत थंड करून पाहिलं. आढळलं ते फक्त पॅराचुंबकत्व.

मग कोणी खोलीच्या तापमानाला हिस्टेरिसिसचा वळसा दाखवला तर? मी तरी आधी लोखंडाची शंका घेईन. एक नॅनोग्रॅम मॅग्नेटाइटसुद्धा स्क्विड मॅग्नेटोमीटरला कळतो. बाजारातल्या ग्रॅफाइटमध्ये दिसणारं फेरोचुंबकत्व मायक्रॉन आकाराच्या लोहयुक्त कणांमुळे असल्याचं २०१२ मध्येच दाखवलं गेलं होतं. त्यामुळे प्लास्टिकचा चिमटा वापरा, रिकाम्या सब्स्ट्रेटचंही मोजमाप घ्या, आणि डोपिंग न केलेला नमुना त्याच प्रक्रियेतून काढून शेजारी ठेवा.