तमिळ महाकाव्यांचा वारसा

तमिळ साहित्याची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. या साहित्यात पाच महाकाव्यांना विशेष मान आहे. त्यांपैकी इळंगो अडिगळ यांचे ‘शिलप्पदिकारम्’ आणि सात्तनार यांचे ‘मणिमेकलै’ यांची कथानके परस्परांशी जोडलेली आहेत. म्हणून त्यांना जुळी महाकाव्ये म्हणतात.

‘शिलंबु’ म्हणजे नूपुर. पुहार नगरीतील व्यापारी कोवलन हा माधवी या नर्तकीच्या मोहात धन गमावतो आणि पश्चात्ताप पावून पत्नी कण्णगीकडे परततो. तिचे एक नूपुर विकून नवा व्यापार मांडावा, या हेतूने दोघे मदुरैला जातात. तेथे राणीचे नूपुर चोरणारा सोनार कोवलनवरच आळ घेतो आणि राजा नीट चौकशी न करता त्याला देहदंड देतो. कण्णगी राजसभेत जाब विचारते. राणीच्या नूपुरात मोती होते. कण्णगी जप्त केलेले नूपुर फोडते, तेव्हा त्यातून माणिक बाहेर पडते. आपल्या हातून अन्याय घडल्याचे कळताच राजा प्राण सोडतो. कण्णगीच्या क्रोधाग्नीत मदुरै जळून जाते.

या काव्याची नायिका राजकन्या नव्हे, तर व्यापाऱ्याची मुलगी आहे. राजालाही न्यायाचे बंधन असते, हे ती सिद्ध करते. म्हणूनच ती लोकमानसात देवता झाली. श्रीलंकेत ‘पत्तिनी’ या नावाने तिची पूजा होते.

‘मणिमेकलै’ ही माधवीच्या कन्येची कथा होय. ती बौद्ध भिक्षुणी होऊन अक्षयपात्रातून भुकेल्यांना अन्न देते. याच काव्यात चोळ राजाच्या मंडपाचे वर्णन आहे. तो उभारताना तमिळ कारागिरांबरोबर मगध, अवंती व यवन देशांतील कारागीर होते आणि मराठी मुलखातील धातुकारागीरही होते, असा उल्लेख येतो.

कालांतराने या काव्यांचे वाचन मागे पडले आणि ताडपत्रांवरील हस्तलिखिते नष्ट होऊ लागली. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी गावोगाव हिंडून ती मिळवली, पाठभेद ताडून पाहिले आणि १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, तर १८९८ मध्ये ‘मणिमेकलै’ छापून प्रसिद्ध केले. पाचांपैकी ‘वळैयापति’ व ‘कुंडलकेशी’ यांची मात्र काही पद्येच आज उरली आहेत. जे वाचले, ते जतन करणाऱ्यांच्या कष्टांमुळे वाचले. त्याबरोबरच दूर देशी राबलेल्या मराठी कारागिरांची आठवणही टिकून राहिली.