पन्नास टक्क्यांचे लक्ष्य आणि भागाकारातील छेद

देशातील १८ ते २३ वर्षे वयोगटातील किती तरुण उच्च शिक्षणापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. तथापि २०१९-२० या एकाच शैक्षणिक वर्षासाठी त्याची दोन अधिकृत उत्तरे उपलब्ध आहेत. त्या वर्षीच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाने हे प्रमाण २७.१ टक्के सांगितले होते. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच वर्षाचा आकडा २५.६ टक्क्यांवर उतरला. मधल्या काळात कोणी विद्यार्थी वर्गातून उठून गेले होते असे नाही. बदलला होता तो केवळ भागाकारातील छेद.

या प्रमाणाला सकल नोंदणी गुणोत्तर म्हणतात. उच्च शिक्षणात नाव नोंदवलेले सर्व विद्यार्थी, मग त्यांचे वय काहीही असो, हा त्याचा अंश; आणि देशातील १८ ते २३ वयोगटाची अंदाजित लोकसंख्या हा छेद. अंश महाविद्यालये आणि विद्यापीठे स्वतः भरून देतात. छेद मात्र जनगणनेवरून पुढे अंदाज बांधून काढावा लागतो. २०१९-२० पर्यंत हा अंदाज २००१ च्या जनगणनेवर बेतलेला होता. त्यानंतर २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला गेला आणि वयोगटातील तरुणांची संख्या आधी धरली होती त्याहून अधिक निघाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर करण्यात आला आहे. सोळा वर्षांच्या अंतराने होणारी ही मोजणी छेद पुन्हा एकदा हलवू शकते.

हा सांख्यिकी शास्त्रातला काथ्याकूट म्हणून सोडून देता येत नाही, कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपले सर्वांत ठळक उद्दिष्ट याच गुणोत्तरात मांडले आहे: व्यावसायिक शिक्षण धरून २०३५ पर्यंत ५० टक्के. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आणि २८.४ टक्के गुणोत्तर नोंदले गेले. यावरून या वयोगटाची लोकसंख्या सुमारे १५ कोटी २० लाख धरलेली दिसते. ती तेवढीच राहिली तर निम्म्या तरुणांसाठी ७ कोटी ६० लाख जागा लागतील. परंतु ती एका कोटीने घटली, तर ५० लाख जागा कमी पुरतील. ५० लाख जागा म्हणजे किती इमारती, किती प्राध्यापक आणि किती वेतन, याचा हिशेब कोणत्याही अर्थखात्याला दुर्लक्षिता येणार नाही.

घट होण्याची शक्यता काल्पनिक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर २.०, तर महाराष्ट्राचा १.७ आढळला. शिवाय २०३५ मध्ये १८ ते २३ वर्षांची असणारी मुले साधारणतः २०१२ ते २०१७ या काळात जन्मलेली आहेत. ती जन्मास येऊन शाळेतही गेली आहेत. त्यांची संख्या हे भाकीत नव्हे; ती मोजता येण्याजोगी वस्तुस्थिती आहे. त्यांतील किती जण बारावीपर्यंत टिकतील, हाच खरा अनिश्चित भाग, आणि तो उच्च शिक्षण खात्याच्या नव्हे तर शालेय शिक्षण खात्याच्या कक्षेत येतो.

दीर्घ पल्ल्याचा असा विचार देशाला नवा नाही. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने १९८५-८६ पर्यंतच्या विद्यार्थिसंख्येचे आणि मनुष्यबळाच्या गरजेचे अंदाज बांधले होते. कोल्हापूर परिसरातून पुढे आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही शिफारस त्याच आयोगाची. २०२० च्या धोरणातही सहा टक्क्यांचा तोच आकडा पुन्हा येतो. अर्धशतक उलटूनही तो उद्दिष्टाच्याच रकान्यात राहिला आहे.

सरासरीमागे दडलेली विषमता ही दुसरी अडचण. २०२१-२२ मध्ये तामिळनाडूचे गुणोत्तर ४७, महाराष्ट्राचे ३५.३, तर बिहारचे १७.१ होते. १८ ते २३ वयोगटातील दर लाख लोकसंख्येमागे कर्नाटकात ६६ महाविद्यालये होती, बिहारमध्ये ७. मात्र महाविद्यालयांची संख्या वाढवणे हाच उपाय मानणेही फसवे ठरते. २०१९-२० च्या सर्वेक्षणात देशातील जवळपास दर सहा महाविद्यालयांमागे एकात शंभरांहून कमी विद्यार्थी होते. एका टोकाला वर्गखोल्यांची टंचाई, दुसऱ्या टोकाला रिकामी बाके, आणि दोन्ही एकाच राष्ट्रीय सरासरीत सामावलेली.

याहून मोठी त्रुटी अशी, की हे गुणोत्तर प्रवेशाचे आहे, पूर्णत्वाचे नव्हे. पहिल्या वर्षी नाव नोंदवून दुसऱ्या वर्षी कापूस वेचणीला किंवा पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला विद्यार्थी त्यात एकदा मोजला जातो आणि मग नाहीसा होतो. तो का गेला, हे संस्थेच्या पटावरून कळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याचा वर्षानुवर्षे माग ठेवावा लागतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक पेढीमुळे आता तो तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. शिक्षकांबाबतही तेच. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे सांगणाऱ्या सरासरीत कायम पदावरील प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावर चार महाविद्यालये फिरणारा पीएच.डी.धारक हा फरक पुसला जातो.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष जवळचा आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो आणि नवी महाविद्यालये कोठे व्हावीत, याची ठिकाणे त्यातच ठरतात. राज्याचे ३५.३ हे गुणोत्तर या कामी फारसे उपयोगी नाही. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यात काय लागेल, हे पुण्याचे आकडे मिसळलेल्या सरासरीवरून ठरू शकत नाही. तिथे आधी बारावीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलींची संख्या, एसटीच्या फेऱ्या आणि वसतिगृहातील खाटा मोजाव्या लागतात. नव्या महाविद्यालयाच्या इमारतीचा प्रस्ताव त्यानंतर येतो.