द्राक्षांच्या कंटेनरमागचा सरकारी माणूस

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर बोरघाट उतरला की खोपोलीचा शिळफाटा येतो. द्राक्षांच्या हंगामात तिथे न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवरचे, रीफर म्हणजे शीत कंटेनर लादलेले ट्रेलर दिसतात. सांगली, सोलापूर, इंदापूरची द्राक्षं अशाच कंटेनरमधून युरोपला जातात. बागायतदार आणि निर्यातदार यांचं नाव होतं. त्या मालावर सही करणारा कृषी अधिकारी कुणाला माहीत नसतो. निर्यात वाढावी म्हणून तो जे करतो, त्यातलं सर्वांत मोलाचं काम म्हणजे वेळेवर नकार देणं.

काम बागेतून सुरू होतं. युरोपसाठी प्रत्येक प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी होते, त्याला क्रमांक मिळतो. अधिकारी बाग पाहतो, फवारणीच्या नोंदी तपासतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन घड नेतो. शेतकऱ्यानं आणून दिलेला नमुना चालत नाही. औषधांचे अंश मर्यादेबाहेर निघाले, तर तो माल युरोपला जात नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला हे तोंडावर सांगणं सोपं नाही.

ही कडक पद्धत एका फटक्यातून आली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यानंतर केंद्र सरकारची शेतमाल-निर्यात संस्था अपेडा, पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचा कृषी विभाग यांनी मिळून अंश-तपासणीची योजना उभी केली. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आलं: परदेशातल्या पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येऊ लागला. तरीही २०१० मध्ये पुन्हा ठेच लागली. वेलीची वाढ रोखायला सर्रास वापरलं जाणारं सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) तपासणीच्या यादीतच नव्हतं, आणि युरोपची मर्यादा होती किलोमागे फक्त ०.०५ मिलिग्रॅम. मग तेही यादीत आलं. यादी अपुरी असेल तर प्रामाणिक अधिकाऱ्याची सहीसुद्धा माल वाचवू शकत नाही.

पुढचा प्रवास भराभर होतो. पॅकहाउसमध्ये निवड, प्रतवारी, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा ग्रेपगार्ड कागद, प्रीकूलिंग आणि शून्य-एक अंशावर साठवण. अ‍ॅगमार्कची तपासणी होते. शेवटी ‘फायटो’, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र. ते सरकारनं नेमलेला अधिकारीच देतो, आणि परदेशातलं सरकार त्याच्या शब्दावर विसंबतं.

पण या अधिकाऱ्याला राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षंच मिळतात. गाव, बागा, औषधविक्रेते, कोण कसली फवारणी करतो, हे कळायलाच दोन हंगाम जातात. प्लॉटची नोंद ग्रेपनेटवर राहते, ही ओळख राहत नाही. म्हणून द्राक्षपट्ट्यातल्या तालुक्यांत या अधिकाऱ्यांना निदान पाच हंगाम तरी एका जागी ठेवावं आणि बदली होईल तेव्हा नव्या माणसाला एक हंगाम त्यांच्याबरोबर बागांतून फिरू द्यावं.